स्टेरॉइडे आणि हाडांचा जमाखर्च

तुमच्या घरात किंवा शेजारीपाजारी दम्याचा, संधिवाताचा अथवा त्वचेच्या एखाद्या चिवट विकाराचा रुग्ण असेल, तर 'स्टेरॉइड' हा शब्द तुमच्या कानांवरून नक्कीच गेला असेल. या शब्दाबरोबर दोन मतेही ऐकू येतात. कोणी म्हणते, 'काय जादूचे औषध आहे! चार दिवसांत माणूस उठून बसला.' दुसरे कोणी म्हणते, 'नको रे बाबा ते स्टेरॉइड, त्याने हाडे ठिसूळ होतात.' गंमत अशी, की ही दोन्ही मते खरी आहेत.

फुप्फुसांसाठी किंवा सांध्यांसाठी घेतलेली गोळी हाडांच्या मुळावर कशी येते? याचे नेहमीचे उत्तर असे: स्टेरॉइडामुळे कॅल्शियम अंगी लागत नाही, तेव्हा दूध प्यावे, कॅल्शियमच्या गोळ्या घ्याव्यात, म्हणजे झाले. हे उत्तर खोटे नाही. पण ते अर्धेच आहे, आणि जो अर्धा भाग त्यातून निसटला आहे तोच अधिक महत्त्वाचा आहे. शास्त्रज्ञांच्या हाती तो कसा लागला, ते आपण पाहू या.

आरंभीच एक खुलासा करायला हवा. व्यायामशाळेत पिळदार स्नायूंसाठी काही जण चोरून जी स्टेरॉइडे घेतात, ती निराळी. त्यांचे नाते पुरुषांच्या शरीरातील टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाशी आहे. त्यांचेही दुष्परिणाम पुष्कळ आहेत, पण तो विषय वेगळा. आपण बोलणार आहोत ते कॉर्टिसॉल या संप्रेरकाच्या कुळातील औषधांविषयी.

मूत्रपिंडांवरच्या दोन टोप्या

आपल्या प्रत्येक मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारखी एक लहानशी ग्रंथी बसलेली असते. तिचे नाव अधिवृक्क ग्रंथी. वजन जेमतेम ४ ते ५ ग्रॅम. या ग्रंथींच्या बाहेरच्या थरात कॉर्टिसॉल तयार होते. त्यासाठी लागणारा कच्चा माल म्हणजे कोलेस्टेरॉल. कोलेस्टेरॉलच्या रेणूत कार्बन अणूंची चार कडी एकमेकांना चिकटलेली असतात. तीन कडी सहा अणूंची आणि एक पाच अणूंचे. ज्या ज्या पदार्थांत ही चार कड्यांची चौकट आढळते, त्या सर्वांना मिळून 'स्टेरॉइडे' म्हणतात. म्हणजे स्टेरॉइड हे मुळात काही विषाचे नाव नव्हे. ते आपल्या स्वतःच्या शरीरात रोज तयार होते.

रोज किती? सारे मिळून १० ते २० मिलिग्रॅम कॉर्टिसॉल. पहाटे, जाग येण्याच्या सुमारास, रक्तात ते सर्वाधिक असते आणि मध्यरात्री सर्वांत कमी. आजारपण, उपासमार, इजा, भीती अशा संकटांत त्याचे उत्पादन वाढते. संकटकाळी घरात जसे रंगकाम, नवे बांधकाम थांबवून हाताशी असलेला पैसा मोकळा केला जातो, तसेच काहीसे कॉर्टिसॉल करते. ते प्रथिने मोडून साखर उपलब्ध करते, सूज आणि दाह आवरते आणि शरीरातील नवी बांधकामे पुढे ढकलते. हे शेवटचे वाक्य लक्षात ठेवा.

या संप्रेरकाच्या जवळचे एक भावंड, कॉर्टिसोन, अमेरिकेतील रॉचेस्टर येथील मेयो क्लिनिकमध्ये एडवर्ड केंडॉल यांनी आणि स्वित्झर्लंडमध्ये टाडेउश राइखश्टाइन यांनी स्वतंत्रपणे वेगळे केले. पुढे बैलांच्या पित्तातील एका आम्लापासून, तीसपेक्षा अधिक पायऱ्यांची रासायनिक प्रक्रिया करून, ते थोडेथोडे तयार करता येऊ लागले. २१ सप्टेंबर १९४८ रोजी मेयो क्लिनिकमधील फिलिप हेंच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संधिवाताने जखडलेल्या एका तरुण स्त्रीला त्याचे पहिले इंजेक्शन दिले. अंथरुणात कूस बदलणेही तिला जड जात होते. काही दिवसांत ती चालू लागली आणि आठवडाभरात बाजारात खरेदीला जाऊन आली. वैद्यकाच्या इतिहासात असे दिवस फार थोडे. १९५० साली केंडॉल, हेंच आणि राइखश्टाइन यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

परंतु कॉर्टिसॉल अति झाले तर काय होते, याचा प्रयोग निसर्गाने अगोदरच करून ठेवला होता. बॉस्टनचे मेंदू-शल्यविशारद हार्वी कुशिंग यांनी १९३२ साली काही रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले होते. मेंदूच्या तळाशी असलेल्या पोष ग्रंथीत एक बारीकशी गाठ होऊन या रुग्णांच्या अधिवृक्क ग्रंथी बेसुमार काम करू लागल्या होत्या. त्यांचे चेहरे चंद्रासारखे गोल झाले होते, कातडी पातळ झाली होती, आणि पाठीचा कणा दबल्यामुळे खांदे पुढे झुकून उंचीदेखील मोजता येण्याइतकी घटली होती. कुशिंग यांनी हे लिहिले तेव्हा कॉर्टिसॉल या पदार्थाचे नावही कोणाला ठाऊक नव्हते. संधिवाताच्या रुग्णांना कॉर्टिसोन भरपूर प्रमाणात मिळू लागले, तेव्हा तेच गोल चेहरे आणि त्याच मोडक्या मणक्यांची चित्रे डॉक्टरांसमोर पुन्हा उभी राहिली.

१९५५ साली बाजारात आलेले प्रेडनिसोलोन हे कॉर्टिसॉलच्या सुमारे चौपट प्रभावी आहे. समजा, एखाद्या रुग्णाला रोज ३० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन घ्यावे लागते. ते १२० मिलिग्रॅम कॉर्टिसॉलच्या बरोबरीचे झाले. शरीराचे रोजचे उत्पादन १० ते २० मिलिग्रॅम. म्हणजे हे सहा ते बारा पट झाले! औषध तेच, शरीराचे ओळखीचे. फक्त त्याचा पूर आलेला असतो.

हाड मेलेले नसते

शाळेच्या प्रयोगशाळेतील सांगाडा पाहून हाड म्हणजे एक वाळके, निर्जीव लाकूड असे वाटते. ते तसे नाही, हे समजण्यासाठी दोन सोपे प्रयोग करून पाहा. कोंबडीच्या तंगडीचे स्वच्छ केलेले एक हाड काचेच्या बरणीत व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा. व्हिनेगर मधून मधून बदला. पाच-सात दिवसांनी हाड बाहेर काढून वाकवा. ते रबरासारखे वाकेल. व्हिनेगरमधील आम्लाने त्यातील कॅल्शियमचे क्षार विरघळवून नेले आणि मागे उरली ती कोलॅजेन या प्रथिनाची चिवट जाळी. दुसरे हाड शिक्षकांच्या देखरेखीखाली, मोकळ्या जागी, शेगडीतील निखाऱ्यांवर चांगले भाजा. आता प्रथिन जळून गेले आणि क्षार तेवढे राहिले. थंड झाल्यावर त्यावर टकटक केले तरी त्याचा भुगा होईल. चिवट प्रथिन आणि कठीण क्षार एकत्र आले म्हणजेच हाड मजबूत होते. सिमेंटच्या स्लॅबमध्ये लोखंडी सळया असतात ना, तसे.

आता या इमारतीत राहणारे कामगार पाहू. जुने हाड खणून काढणाऱ्या पेशींना अस्थिभक्षक पेशी म्हणतात. आपण त्यांना बेलदार म्हणू. नवे हाड रचणाऱ्या त्या अस्थिजनक पेशी. त्या आपल्या गवंडी. बेलदार हाडाच्या पृष्ठभागावर एक खड्डा खणतात. त्याला सुमारे तीन आठवडे लागतात. मग गवंडी येतात, प्रथम कोलॅजेनची जाळी विणतात आणि मग तीत क्षार बसवतात. हे काम तीन-चार महिने चालते. जुन्या वाड्याची डागडुजी जशी कधीच संपत नाही, एक कोपरा झाला की दुसरा काढावा लागतो, तशी प्रौढ माणसाच्या सांगाड्यात दरवर्षी साधारण दहा टक्के हाडाची नव्याने उभारणी होत असते. पाडणे लवकर उरकते आणि बांधायला वेळ लागतो, हे घर बांधताना तुम्ही पाहिलेच असेल.

काम संपल्यावर काही गवंडी स्वतःच बांधलेल्या भिंतीत गाडून घेतात! या गाडलेल्या पेशींना अस्थिपेशी म्हणतात. त्या मरत नाहीत. बारीक बारीक धाग्यांनी त्या एकमेकींशी जोडलेल्या असतात आणि हाडाला कोठे तडा गेला, कोठे ताण पडला, याची खबर देत असतात. वाड्यात मुक्कामाला राहिलेले पहारेकरीच म्हणा ना.

कॅल्शियमची खतावणी

प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे एक किलो कॅल्शियम असते. त्यातले ९९ टक्के हाडांत व दातांत. उरलेल्या अंशावर हृदयाचे ठोके, स्नायूंचे आकुंचन, रक्ताचे गोठणे अशी कामे अवलंबून असतात. म्हणून दर १०० मिलिलिटर रक्तात सुमारे १० मिलिग्रॅम कॅल्शियम हे प्रमाण शरीर अतिशय कसोशीने राखते. गळ्यात अवटू ग्रंथीच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या चार परावटू ग्रंथी असतात. रक्तातील कॅल्शियम जरा उतरले की त्या आपले संप्रेरक सोडून हाडांच्या तिजोरीतून कॅल्शियम काढायला लावतात.

आता वही मांडू. समजा, आहारातून रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियम पोटात गेले. त्यातले सुमारे ३०० मिलिग्रॅम आतड्यातून रक्तात जाते. पाचक रसांबरोबर १०० मिलिग्रॅम पुन्हा आतड्यात परतते. म्हणजे निव्वळ जमा २०० मिलिग्रॅम. खर्चाच्या बाजूला लघवीवाटे जाणारे २०० मिलिग्रॅम. हिशेब जुळला.

स्टेरॉइडांचा पूर आला की या वहीत दोन ठिकाणी फरक पडतो. पहिला आतड्यात. आतड्याच्या अस्तरातील पेशींना कॅल्शियम आत घेण्यासाठी खास प्रथिने लागतात: एक दाराशी, एक पेशीतून पलीकडे वाहून नेणारे आणि एक रक्ताच्या बाजूला ढकलणारे. ही प्रथिने तयार करण्याचा हुकूम ड जीवनसत्त्वाकडून येतो. स्टेरॉइडे या हुकमाच्या आड येतात आणि प्रथिने कमी पडतात. येथे रसायनशास्त्रातील एक मौज सांगण्यासारखी आहे. आपली त्वचा सूर्यप्रकाशात ड जीवनसत्त्व बनवते ते कोलेस्टेरॉलच्याच एका निकटच्या नातलगापासून. चार कड्यांपैकी एक कडे सूर्यकिरणांनी तुटते आणि ड जीवनसत्त्व जन्माला येते. म्हणजे कॅल्शियमला दार उघडणारा आणि दार लोटून घेणारा, हे दोघे एकाच घराण्यातले चुलतभाऊ आहेत.

दुसरा फरक मूत्रपिंडात. मूत्रपिंडांच्या गाळण्यांतून रोज सुमारे १०,००० मिलिग्रॅम कॅल्शियम गाळले जाते आणि त्यातले ९८ टक्के परत रक्तात ओढून घेतले जाते. उरलेले दोन टक्के, म्हणजे २०० मिलिग्रॅम, लघवीत जातात. स्टेरॉइडांमुळे ही परत ओढण्याची क्रिया थोडी मंदावते. ९८ ऐवजी ९७ टक्केच परत आले तर? एका टक्क्याचाच फरक. पण लघवीतील कॅल्शियम २०० वरून ३०० मिलिग्रॅमवर जाईल.

आता केवळ उदाहरणादाखल धरू, की आतड्यातील निव्वळ जमा २०० वरून १०० झाली आणि लघवीतील खर्च ३०० झाला. रोजची तूट २०० मिलिग्रॅम. वर्षाची तूट ७३ ग्रॅम. एक किलोच्या ठेवीतून ७३ ग्रॅम म्हणजे सुमारे सात टक्के! प्रत्यक्षात मोठ्या मात्रेने स्टेरॉइडे घेणाऱ्यांच्या हाडांची घनता पहिल्या वर्षात साधारण ६ ते १२ टक्के आणि त्यानंतर दरवर्षी सुमारे ३ टक्के घटते.

हिशेब इतका सुरेख जुळला, की येथेच वही मिटावी असे कोणालाही वाटेल. बरीच वर्षे पुष्कळांना तसे वाटतही होते. कॅल्शियमची तूट पडते, परावटू ग्रंथी खवळतात, त्यांचे संप्रेरक हाडे पोखरते. मग तूट भरून काढली की काम झाले, नाही का?

हिशेबात न बसणाऱ्या गोष्टी

पण काही गोष्टी या हिशेबात बसेनात. परावटू ग्रंथी खरोखरच खवळल्या असतील तर त्यांचे संप्रेरक रक्तात वाढलेले दिसायला हवे. स्टेरॉइडे घेणाऱ्या रुग्णांच्या रक्तात ते मोजले, तर बहुतेकांत ते नेहमीच्या मर्यादेतच निघाले. शिवाय परावटू संप्रेरक वाढते तेव्हा हाडांतील पाडापाडी आणि बांधणी दोन्ही जोरात चालतात आणि हाडाचे बाहेरचे घट्ट कवच अधिक झिजते. स्टेरॉइडांच्या रुग्णांत मात्र सारे कामच थंडावलेले दिसे आणि आतले जाळीदार, स्पंजासारखे हाड आधी विरळ होई. आणखी एक. रुग्णांना कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व दिले तर हाडांची झीज थोडी कमी होई, थांबत नसे.

तुमच्या व्हिनेगरमधील हाडाकडे या दृष्टीने पुन्हा पाहा. ते मऊ झाले, कारण त्यातले क्षार गेले आणि जाळी उरली. ड जीवनसत्त्वाच्या अभावी मुलांना मुडदूस होतो, तेव्हा हाडांची अवस्था काहीशी अशीच असते: जाळी आहे, पण क्षार पुरेसे नाहीत. स्टेरॉइडांनी झिजलेले हाड तसे नसते. त्याच्या उरलेल्या भागात प्रथिन आणि क्षार यांचे प्रमाण जवळजवळ ठाकठीक असते. हाडच कमी असते. भिंत कच्च्या विटांची नाही. ती पातळ झाली आहे.

म्हणजे गवंड्यांकडे चौकशी करणे भाग होते. पण जिवंत माणसाच्या हाडात गवंडी किती वेगाने काम करतात, हे मोजायचे कसे? याची युक्ती एका अगदी वेगळ्याच औषधाने पुरवली. टेट्रासायक्लिन हे जंतुनाशक औषध नव्याने रचल्या जाणाऱ्या हाडात जाऊन बसते आणि जंबुपार किरणांच्या प्रकाशात पिवळे चमकते, हे १९५० च्या दशकात लक्षात आले. (लहान मुलांना हे औषध शक्यतो देत नाहीत, त्याचे कारणही हेच, वाढत्या दातांत बसून ते दात कायमचे पिवळट करते.) अमेरिकेतील अस्थिशल्यविशारद हॅरल्ड फ्रॉस्ट यांनी याचा फार कल्पक उपयोग केला. रुग्णाला टेट्रासायक्लिन दोन-तीन दिवस द्यायचे, मग दहा-बारा दिवस थांबायचे आणि पुन्हा द्यायचे. नंतर कमरेच्या हाडाचा एक बारीक तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. त्यात दोन पिवळ्या रेषा दिसतात. पहिल्या रेषेपासून दुसरीपर्यंतचे अंतर म्हणजे मधल्या दिवसांत रचलेले हाड. झाडाच्या खोडातील वर्तुळे मोजण्यासारखेच हे. निरोगी हाडातही हे काम दिवसाला मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून कमी होते. आणि स्टेरॉइडे घेणाऱ्यांच्या हाडात? रेषा तुटक, थोड्या, आणि त्यांमधील अंतरही अपुरे. बेलदारांनी खणलेले खड्डे अर्धवट भरून सोडलेले. गवंडी कामावर नव्हते.

ते गेले कोठे, याचे उत्तर १९९८ साली मिळाले. अमेरिकेतील आर्कान्सा राज्यातील रॉबर्ट वाइनस्टाइन, स्टाव्हरॉस मनोलागास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांना २७ दिवस प्रेडनिसोलोन दिले. तेव्हा असे दिसले, की एक तर नवे गवंडी कमी जन्माला येत होते, आणि जे होते ते अकाली मरत होते. मणक्यांतील गवंड्यांचे हे मरण तिपटीने वाढले होते. भिंतींत गाडलेले पहारेकरीसुद्धा सुटले नव्हते. पेशींच्या अंगी वेळ आल्यावर स्वतःला संपवण्याची एक व्यवस्था असते. स्टेरॉइडे ती व्यवस्था वेळेआधीच सुरू करतात. शास्त्रज्ञांनी स्टेरॉइडांमुळे झिजलेल्या मानवी हाडांचे नमुने तपासले, तर त्यांतही तसाच प्रकार आढळला.

यावर एक शंका घेता येईल. औषध साऱ्या शरीरात गेले. मग गवंडी औषधाने मेले, की शरीरात इतरत्र झालेल्या बिघाडामुळे? २००४ साली याच गटातील संशोधकांनी एक नामी प्रयोग प्रसिद्ध केला. स्टेरॉइडाला निष्प्रभ करणारे एक विकर आपल्या मूत्रपिंडात नैसर्गिकपणे असते. त्या विकराचे जनुक त्यांनी उंदरांच्या फक्त गवंडी व पहारेकरी पेशींत घातले. म्हणजे सारे गाव पुरात, पण या दोन पेशींची घरे तेवढी कोरडी! या उंदरांत गवंडी जगले, बांधणी चालू राहिली. त्याहून नवल असे, की त्यांच्या हाडांचे वस्तुमान इतर उंदरांइतकेच घटले (सुरुवातीच्या काळात स्टेरॉइडांमुळे बेलदार जास्त दिवस जगतात आणि खणत राहतात), तरीही हाडांचे बळ मात्र टिकून राहिले. यावरून दोन गोष्टी कळतात: घाव थेट पेशींवर पडतो, आणि हाडाचे बळ केवळ त्यातील मालावर ठरत नाही, आतले पहारेकरी जिवंत असण्यावरही ते अवलंबून असते.

आता नेहमीच्या उत्तरातील उणीव तुमच्या ध्यानात आली असेल. कॅल्शियमच्या गोळ्या म्हणजे सिमेंटची पोती. ती हवीतच, आतड्यातली आणि मूत्रपिंडातली तूट खरी आहे. पण गवंडीच नसतील तर अंगणात पोत्यांची थप्पी लावून भिंत उभी राहत नाही.

मणका का मोडतो?

पाठीचे मणके आणि बरगड्या यांत जाळीदार हाड भरपूर असते. जाळीला पृष्ठभाग जास्त, आणि खणणे-भरणे चालते ते पृष्ठभागावरच. म्हणून झीज तेथे लवकर दिसते. ब्रिटनमधील सुमारे २ लाख ४४ हजार रुग्णांच्या नोंदींचा एक मोठा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. रोज ७.५ मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक प्रेडनिसोलोनएवढी मात्रा घेणाऱ्यांत मणके मोडण्याचे प्रमाण, ते न घेणाऱ्यांच्या तुलनेत, पाचपटीहून थोडे जास्त होते. खुब्याचे हाड मोडण्याचे प्रमाण सुमारे सव्वादोन पट. औषध सुरू केल्यापासून काही महिन्यांतच धोका वाढतो, हे त्यातून दिसले. आणि औषध थांबल्यावर तो बराच उतरतो, हेही. गवंडी परत येऊ शकतात.

मणका मोडतो म्हणजे दर वेळी माणूस कळवळून ओरडतोच असे नाही. पुष्कळदा तो मुकाट्याने दबतो. पाठ थोडी दुखते, फळीवरचा डबा हाताला येईनासा होतो. घरातील म्हाताऱ्या माणसाची उंची कमी झालेली दिसली तर 'वय झाले' म्हणून सोडून देऊ नये.

शिवाय स्टेरॉइडे स्नायू दुबळे करतात, त्यामुळे माणूस अधिक वेळा पडतो. वाढत्या वयाच्या मुलांची उंचीही मोठ्या मात्रेने बरेच दिवस औषध दिल्यास मंदावते. म्हणून मुलांचे डॉक्टर दर भेटीला उंची मोजून नोंद ठेवतात.

मग औषध टाकून द्यावे?

मुळीच नाही. दम्याच्या जोराच्या झटक्यात, काही मूत्रपिंडविकारांत, डोळ्यांच्या व सांध्यांच्या कित्येक रोगांत ते अनमोल आहे. कोविडच्या साथीत, जून २०२० मध्ये, ऑक्सफर्डच्या संशोधकांनी दाखवून दिले, की कृत्रिम श्वसनयंत्रावर असलेल्या रुग्णांना डेक्सामिथॅसोन हे स्वस्त स्टेरॉइड रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस दिले तर मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने घटतात. अशा थोड्या दिवसांच्या उपचाराने हाडे पोकळ होत नाहीत. प्रश्न येतो तो महिनोन् महिने चालणाऱ्या गोळ्यांचा.

त्यासाठी डॉक्टर चार बाजूंनी उपाय करतात. काम होईल इतकी कमीत कमी मात्रा देतात. शक्य तेथे औषध नेमक्या जागी पोहोचवतात. दम्याचा पंप हे त्याचे उत्तम उदाहरण. गोळीतील मात्रा मिलिग्रॅममध्ये मोजतात, तर पंपाच्या एका झोतातील मायक्रोग्रॅममध्ये; मायक्रोग्रॅम म्हणजे मिलिग्रॅमचा हजारावा भाग. तुमच्या वर्गात पंप वापरणारा कोणी असेल आणि त्याला 'स्टेरॉइड घेतोस, हाडे मोडतील' असे कोणी चिडवत असेल, तर हा हिशेब फळ्यावर मांडून दाखवा. चिडवण्याला लाजून पंप बंद केला, तर दमा बळावून उलट गोळ्यांचीच पाळी येते.

मग येते सिमेंट: रोज १००० ते १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि सोबत ड जीवनसत्त्व. दूध, दही, ताक, तीळ, काट्यासकट खाल्लेली बारीक मासळी यांतून कॅल्शियम मिळते. आपली नाचणी तर याबाबतीत धान्यांत फार वरची. १०० ग्रॅममध्ये सुमारे ३५० मिलिग्रॅम. पालकात कॅल्शियम असते, पण ऑक्झॅलेटने बांधलेले. त्यातले अंगी थोडेच लागते. चालण्याफिरण्याचा व्यायामही हवा, कारण भार पडला तरच पहारेकरी गवंड्यांना हाक मारतात.

ज्यांना धोका जास्त, त्यांना आणखी औषधे लागतात. अ‍ॅलेंड्रोनेटसारखी औषधे बेलदारांचा हात आवरतात. टेरिपॅराटाइड हे दुसऱ्या जातीचे. परावटू संप्रेरकात ८४ अमिनो आम्लांची साखळी असते. तिच्यातील पहिल्या ३४ कड्यांचा तुकडा म्हणजे हे औषध. हेच संप्रेरक सतत वाढलेले असेल तर हाडे पोखरते, पण दिवसातून एकदा टोचून थोडा वेळ वाढवले, तर गवंड्यांना कामाला लावते! शरीरात पदार्थाइतकेच महत्त्व त्याच्या वेळापत्रकालाही असते, ते असे. २००७ साली स्टेरॉइडे घेणाऱ्या रुग्णांत या दोन औषधांची तुलना प्रसिद्ध झाली. गवंड्यांना उठवणाऱ्या औषधाने कण्याची घनता अधिक वाढवली, आणि नवे मणके मोडण्याचे प्रमाणही त्या गटात कमी होते.

आता सर्वांत धोक्याची गोष्ट. बाहेरून भरपूर स्टेरॉइड मिळू लागले की अधिवृक्क ग्रंथी आपले काम थांबवतात आणि काही आठवड्यांत सुस्तावतात. अशा वेळी भीतीपोटी गोळ्या एकदम बंद केल्या, तर शरीरात ना आतले कॉर्टिसॉल, ना बाहेरचे. रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकते. म्हणून मात्रा पायरीपायरीने, डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच उतरवायची असते.

आणि हे ज्याला माहीतच नाही, त्याचे काय? सांधेदुखीवर किंवा दम्यावर 'हमखास गुण' देणाऱ्या, नावगाव नसलेल्या पुड्या आपल्याकडे विकल्या जातात. त्यांपैकी काहींत स्टेरॉइड मिसळलेले असते, असे तपासण्यांत वेळोवेळी उघडकीला आले आहे. गुण येतो तो त्याचाच. आजोबा दोन-दोन वर्षे पुडी घेतात. हाडांची तपासणी होत नाही, कॅल्शियम मिळत नाही, आणि पुड्या संपल्या म्हणून एक दिवस ते घेणे थांबवतात. 'जडीबुटी आहे, अपाय कसला' या समजुतीत दोन्ही धोके एकदम पदरात पडतात.

तेव्हा सुटीच्या दिवशी एक काम करा. घरातील औषधांचा डबा मोठ्या माणसांसमोर उघडून वेष्टनांवरची बारीक अक्षरे वाचा. प्रेडनिसोलोन, मिथिलप्रेडनिसोलोन, डेक्सामिथॅसोन, बीटामिथॅसोन, हायड्रोकॉर्टिसोन, डेफ्लाझाकॉर्ट यांपैकी काही आढळते का पाहा. खाजेच्या आणि गोरेपणाच्या मलमांच्या नळ्याही वाचायला विसरू नका. सापडलेले नाव, ते कोणी सांगितले आणि किती दिवस चालू आहे, हे वहीत लिहा आणि ती वही पुढच्या खेपेला डॉक्टरांना दाखवायला घरच्यांना सांगा. तोवर स्वतःच्या मनाने काहीही बंद करू नका. आणि ज्या पुडीवर वाचायला अक्षरच नाही, ती पुडीही तशीच सोबत न्या.